साडेचारचा बर्फ

पहाटे साडेचारला हेडलॅम्पच्या उजेडात मी मागे वळून पाहिले, तेव्हा माझ्या पावलांचे ठसे कुठे दिसेनात. दिसली ती नुसती भोके. एकेका पावलाची दहा, बुटाखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनच्या धातूच्या दातांनी पाडलेली, कुणी जाड सुईने दोरा न ओवताच टाके घालत गेल्यासारखी. माझे साठ किलो आणि सॅकचे आठ, एवढे वजन त्या उतारावरून गेले होते आणि उताराने त्याची दखल अर्ध्या इंचापुरती घेतली होती. दुपारी एकच्या सुमारास त्याच उतारावरून खाली येताना मी मांडीपर्यंत रुतले. जागा तीच, पाय तेच, वजन पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत आल्यामुळे उलट दीड किलोने कमी.

उंच डोंगरातल्या वाटांचा हंगाम सुरू झाला असे लोक म्हणतात, तेव्हा बर्फ बहुतेक वितळलेला असतो, पाऊलवाट उघडी पडलेली असते आणि दगडांच्या राशी रचून केलेल्या खुणा ओळीने दिसू लागतात. त्याच्या आधीचे तीन-चार आठवडे हा माझा आवडता काळ. हिवाळा संपलेला असतो, पण त्याने आपले सामान अजून हलवलेले नसते. वाट नकाशात असते, आदल्या वर्षी आलेल्यांच्या आठवणीत असते, पायाखाली मात्र सापडत नाही. म्हणूनच इथे त्या वाटेचे नाव मी घालत नाही. जी वाट आम्हाला स्वतःलाच धड दिसली नाही, ती दुसऱ्याला दाखवल्याचा आव कशाला आणायचा? शिवाय मला जे सांगायचे आहे, ते कोणत्याही बर्फाळ उताराला लागू पडणारे आहे. या दिवसांत डोंगर चढणाऱ्याची खरी गाठ उंचीपेक्षा घड्याळाशी पडते.

आम्ही तिघे होतो: मी, माझी मैत्रीण आणि साठी ओलांडलेले काका. नात्याने ते आमच्यापैकी कुणाचेच काका नव्हेत, परंतु ज्या माणसाने चाळीस वर्षे डोंगरात घालवली आहेत आणि जो आपल्याला बुटाची नाडी पुन्हा बांधायला लावतो, त्याला दुसरे काय म्हणणार?

बर्फ हा एकच एक पदार्थ नाही हे वाचून कळते आणि रुतल्यावर पटते. नुकताच पडलेला भुरभुरीत बर्फ एका घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. त्यात बहुतेक हवाच असते. पुन्हा पुन्हा वितळून आणि गोठून मुरलेला वसंतातला बर्फ चारशे-पाचशे किलोंपर्यंत जातो. विल्सन बेंटली नावाच्या अमेरिकी शेतकऱ्याने जानेवारी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून ज्या हिमकणाचे छायाचित्र घेतले, किंवा उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञाने १९३६ साली प्रयोगशाळेत सशाच्या केसावर जो हिमकण वाढवून दाखवला, त्यांच्यातल्या सहा पाकळ्यांच्या नक्षीचा या दिवसांत मागमूसही उरलेला नसतो. टोके झिजून कण गोल झालेले असतात, एकमेकांत मिसळून जाड्या मिठाएवढे झालेले असतात, आणि दिवसा त्यांच्या फटींतून पाणी झिरपत असते. रात्री ते पाणी गोठले की कण एकमेकांना सांधले जातात आणि त्यांचे कवच बनते. सकाळी ऊन चढले की सांधे सुटतात आणि कवचाचा चिखल होतो. बर्फाचा हा दिनक्रम ज्याने ओळखला त्याला डोंगर वर घेतो. ज्याने ओळखला नाही त्यालाही घेतो, पण खाली सोडताना त्रास देतो.

हे गोठणे फक्त हवेच्या तापमानावर अवलंबून असते, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. तसे ते नसते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतो आणि हवेपेक्षा बराच जास्त थंड होतो, त्यामुळे हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असतानाही कवच धरू शकते. आभाळ भरलेले असेल तर तीच उष्णता ढगांकडून परत खाली येते, आणि आपण तंबूत कुडकुडत असलो तरी बाहेरचा बर्फ मऊच राहतो. काका संध्याकाळपासून थर्मामीटरपेक्षा आभाळच जास्त न्याहाळतात ते यासाठी. त्या रात्री नऊपासून ढग होते. एक वाजून गेल्यावर काका बाहेर जाऊन आले आणि स्लीपिंग बॅगेत परत शिरताना एवढेच म्हणाले, "चांदण्या दिसायला लागल्यात. पण उशीर झालाय." मी अर्धवट झोपेत होते. 'उशीर झालाय' याचा अर्थ मला सकाळी दहा वाजता लागला.

उशिराचा हिशेब मला ठाऊक नव्हता असे नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी मैत्रिणी अशाच एका वाटेवर काकांशिवाय गेलो होतो, निवांत उठलो, फोटो काढले, आणि साडेआठला चालायला लागलो. पहिला तास छान गेला. त्यानंतरच्या दोन किलोमीटरना आम्हाला साडेतीन तास लागले. एक पाऊल टिकायचे, दुसरे टिकायचे, तिसऱ्याला विश्वास बसून आपण पूर्ण वजन टाकावे आणि नेमका तोच पाय गुडघ्याच्या वर आत जावा, असा तो खेळ होता. सलग रुतत राहिलो असतो तर एका परीने सोपे गेले असते, कारण माणसाला कशाचीही सवय होते; पण दर दोन-तीन पावलांनी फसवणाऱ्या बर्फाची सवय होत नाही. दुपारी दोनला आम्ही एका खडकावर बसून बुटांतले पाणी ओतले आणि एकमेकींशी न बोलता परतलो. ती सगळी चूक आमची होती, हवामान तर उत्तम होते.

वाटेला किती वेळ लागेल याचा एक जुना आडाखा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला आणि अजूनही लोक तो वापरतात: दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आम्हाला गाठायची खिंड तळापासून सहा किलोमीटर लांब आणि नऊशे मीटर उंच होती, म्हणजे नेस्मिथच्या हिशेबाने पावणेतीन तासांचे काम. पण हा हिशेब धट्टाकट्टा माणूस पक्क्या वाटेवरून चालला आहे असे धरून केलेला आहे; त्यात बर्फ नाही, क्रॅम्पॉन काढणे-घालणे नाही, वाट शोधत उभे राहणे नाही. काकांनी आदल्या संध्याकाळी त्याची दुप्पट केली, वर अर्धा तास घातला आणि सहा तासांचा आकडा काढला. चारला निघायचे, दहा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे. "खिंड दिसत असली तरी?" मैत्रिणीने विचारले. "खिंड दिसत असेल तर जास्तच," काका म्हणाले. आम्ही हसलो होतो.

कडक बर्फावर चालण्यासारखे सुख फार थोड्या गोष्टींत आहे. क्रॅम्पॉनचे दात आत जातात तेव्हा एक कोरडा आवाज होतो, गोठलेल्या कडक कापडात कात्री चालावी तसा, आणि तो आवाज स्वच्छ येतो आहे तोवर सगळे ठीक चालले आहे असे समजायचे. ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज इंजिनिअरने १९०८ साली दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा तयार केला. त्याआधी कडक उतारावर चढायचे म्हणजे बहुधा कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत जायचे आणि पुढच्याचे हात भरून येईपर्यंत मागच्यांनी थंडीत ताटकळायचे. दहा दातांवर पाऊल सपाट टेकवता आले, आणि पायऱ्या खोदण्यात जाणारा केवढा तरी वेळ वाचला. अर्थात हे दात बर्फ आणि पँट यांत भेदभाव करत नाहीत. पाय जरा फाकवून टाकावे लागतात, नाही तर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये, म्हणजे पोटरीवर बांधलेल्या कापडी वेष्टनात, अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. माझ्या डाव्या गेटरच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटे वर, तीन समांतर चिरा आहेत. प्रत्येक चीर एकेका आळसावलेल्या क्षणाची आहे.

पाचच्या सुमारास ओढा आला. आला म्हणजे ऐकू आला, दिसला नाही. पायाखालून कुठून तरी, भिंतीपलीकडच्या माणसांच्या बोलण्यासारखा, पाण्याचा अस्पष्ट आवाज येत होता आणि वर सलग पांढरा पूल पसरलेला होता. वितळणाऱ्या बर्फावर पोसलेल्या ओढ्याला पहाटे सर्वांत कमी पाणी असते आणि दुपार उलटल्यावर सर्वांत जास्त, कारण दिवसभराचे वितळलेले पाणी वरून खाली पोहोचायला वेळ लागतो. ओढ्याच्या अंगावरचा बर्फही पहाटेच सर्वांत मजबूत. काकांनी आइस ॲक्सचा, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीचा, दांडा दर पावलागणिक खुपसून पाहिला, जिथे तो सहज खाली गेला तिथून दोन हात बाजूला सरकले, आणि आम्ही अंतर ठेवून एकेकाने तो पूल ओलांडला. परतताना इथे काय असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. पहाटे दुपारचा विचार करणे अवघडच असते. सगळे इतके घट्ट, इतके कायमचे वाटते.

खरा प्रश्न सहाच्या सुमारास उभा राहिला. उन्हाळ्यात ही वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. दोन फूट रुंदीची, सपाट, उतारात खोदून काढलेली ती वाट लहान मुलेही हसतखेळत पार करतात असे मी ऐकून होते. हिवाळ्यात बर्फ आधी ती खाच भरून काढतो, मग वरच्या उताराचा बर्फ खालच्या उताराला येऊन मिळतो, आणि ज्या पायरीमुळे त्या जागेला वाट म्हणायचे ती पायरीच पुसली जाऊन एकसलग उतार उरतो. माझ्या मोबाइलवर निळी रेघ त्या उताराच्या मधोमध निर्धास्त गेलेली होती. आम्ही उभे होतो तो ठिपका अगदी रेघेवर होता. रेघ खोटी नव्हती, फक्त दोन महिन्यांनंतरची होती.

काकांनी चालायची काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवली आणि तिच्यावर मोबाइल टेकवून कोन मोजला: अडतीस अंश. हा आकडा वाईट आहे. लादीसारखे सुटणारे हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होते. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा बसून राहतो आणि त्याहून तीव्र उतारावर साठण्याआधीच थोडा थोडा गळून जातो. त्यातून आमचा उतार पूर्वेकडे तोंड करून होता, म्हणजे सकाळचे पहिले ऊन त्याच्यावर पडणार. सहा वाजता तो काचेसारखा कडक होता. तिथे पाय सुटला असता तर खालच्या घळीतल्या खडकांपर्यंत माणूस थांबला नसता, आणि आइस ॲक्सचे टोक रोवून स्वतःला थांबवायला जे दोन-तीन सेकंद मिळतात ते गेले की वेग आवरत नाही. म्हणून त्या वेळी भीती घसरण्याची. दहा-अकरानंतर पाय चांगला रुतला असता आणि घसरण्याची भीती राहिली नसती, पण मग वरून ओला बर्फ सुटून येण्याची भीती. एकाच उताराला दोन वेगवेगळी भये, आणि दोन्हींच्या मध्ये कवच जेमतेम मऊ होऊन पाऊल धरते आहे पण आतला बर्फ अजून सुटलेला नाही असा बहुधा तासाभराचा अवधी. तो तास नेमका कधी येईल हे डोंगर सांगत नाही. आदल्या रात्री किती वाजता आभाळ उघडले, यावर ते ठरते.

आम्ही तो तास शोधत बसलो नाही. डाव्या हाताला एक सोंड वर गेली होती, वाऱ्याने तिच्यावरचा बर्फ खरवडून नेला होता आणि मधून मधून घसारा उघडा पडला होता. तिच्यावरून जायला चाळीस मिनिटे जास्त लागली, दोनदा क्रॅम्पॉन काढावे लागले, एकदा मैत्रिणीचा पट्टा तुटल्यामुळे दोरीने बांधावा लागला. ही चाळीस मिनिटे दहाच्या हिशेबातूनच जाणार होती. त्या वेळी कुणी तसे म्हटले नाही.

ऊन आमच्यावर सात वाजून वीस मिनिटांनी आले. बर्फावरचे ऊन दोन्हीकडून लागते, वरून आणि खालून. ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला हे किरण मुळातच दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. त्यामुळे नाकपुड्यांच्या आत, हनुवटीच्या खाली, धाप लागून तोंड उघडे राहिले तर टाळूलाही चटका बसतो. गॉगल विसरल्याची शिक्षा मात्र लगेच मिळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे आपण तंबूत सुखरूप पोहोचलेले असताना, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक आडवी चीर पाडून ती डोळ्यांवर बांधत. काळी काच नाही, काहीच नाही, फक्त एक चीर. मला हा गॉगलचा सर्वांत सुंदर नमुना वाटतो.

वर एका खोलगट जागी बर्फावर फिकट गुलाबी छटा पसरलेली होती. मैत्रिणीला वाटले, कुणाची तरी पाण्यात टाकायची पावडर सांडली असावी. ते शेवाळ होते. जॉन रॉस यांच्या १८१८ सालच्या उत्तरेकडील मोहिमेने ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून असला तांबडा बर्फ गोळा करून आणला, तेव्हा वर्तमानपत्रात तो आकाशातून पडलेल्या लोहाचा रंग असावा असा तर्क छापून आला होता. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मात्र ते शेवाळ असावे असे ओळखले. बर्फ ओला होऊन पाणी सुटले की त्याच्या सूक्ष्म पेशी वाढू लागतात आणि कडक उन्हापासून बचावासाठी तांबडे रंगद्रव्य धरतात. ते पाहून मला आनंद झाला आणि लगेच काकांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तो कमी झाला. गुलाबी छटा म्हणजे वितळण्याला जोर आलेला, एवढेच त्यांना त्यात दिसले असावे.

दहा वाजता खिंड दिसत होती. नुसती दिसत नव्हती. तिच्या माथ्यावर रचलेल्या दगडांच्या राशीतला सर्वांत वरचा दगड थोडा कलंडलेला आहे, हेही दिसत होते. दीडशे मीटर चढाई उरली होती. काका थांबले, घड्याळ पाहिले आणि सॅक उतरवली.

"काका, अर्धा-पाऊण तास. फार तर," मी म्हटले.

"हो. चढायला तेवढाच लागेल."

"मग?"

"मग उतरायला किती लागेल, ते पायाखाली बघून तूच सांग."

मी आइस ॲक्सचा दांडा उभा धरून दाबला. पहाटे त्याच दांड्याचे टोक ठोकूनही जेमतेम बोटभर आत जात होते. आता वरचे दोन बोटांचे कवच पापडासारखे मोडले आणि दांडा अर्ध्याहून अधिक आत गेला, एवढ्या सहज की माझा तोल गेला. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच ते पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते. त्यामुळे रात्रभर गोठून वीतभर जाड झालेले कवच सकाळच्या उन्हाला बराच वेळ दाद देत नाही. आमच्या कवचाला रात्री एकपासून ऊन येईपर्यंतचे तेवढेच तास मिळाले होते. 'उशीर झालाय' तो असा.

"मी तर केव्हाच बसलेय," मैत्रीण म्हणाली. ती खरोखरच सॅकवर बसलेली होती.

मला राग आला होता, हे लिहायला हरकत नाही. सोंडेवर गेलेल्या चाळीस मिनिटांचा राग, ढगांचा राग, आणि एवढे सगळे अचूक ठरवणाऱ्या माणसाचाही थोडासा. परतताना मी बराच वेळ मनातल्या मनात भांडत होते की पाऊण तासाने काय बिघडले असते, आणि आज पुन्हा विचार केला तरी त्याचे पक्के उत्तर माझ्याकडे नाही. त्या दिवशी तो उतार कोसळला नाही. आमच्यामागे काही गडगडले नाही. काकांचे बरोबर होते असे दाखवून देणारी एकही घटना घडली नाही, आणि ती घडावी अशी वाट पाहणे हा कसला हट्ट आहे, हे मला तंबूत बुटांचे मोजे पिळताना कळले. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला जिवंत काढण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सर्वांत जास्त असते आणि नंतर झपाट्याने खाली येते. असा अपघात करणारी लादी बहुतेक वेळा त्या माणसाने स्वतःच किंवा त्याच्या सोबत्याने मोडलेली असते. वाद घालायला ती जागा चांगली नव्हती.

उतरताना सोंडेच्या बाजूच्या उतारावर बर्फाचे गोळे आपोआप सुटायला लागले. उघड्या खडकाच्या खालून एखादा लिंबाएवढा गोळा निघायचा, खाली घरंगळताना अंगाला बर्फ गुंडाळत जायचा, आणि दहा-पंधरा मीटरांत गुंडाळलेल्या चटईसारखे चाक होऊन आपली रेघ मागे ठेवत थांबायचा. बघायला गंमत वाटते. पण उताराचा वरचा थर सुटत चालल्याची यासारखी ठळक खूण दुसरी नाही. एक, मग तीन, मग मोजायचे सोडून दिले. सकाळी जो आडवा उतार आम्ही टाळला होता, त्याच्यावर अशा पन्नासेक रेघा उमटलेल्या होत्या.

सोंड संपल्यावर माझा पाय गेला. एका मोठ्या खडकापासून हातभर अंतरावर मी बिनधास्त पाऊल टाकले, आणि मांडीपर्यंत आत गेले. खडक उन्हाने तापतो, त्याच्या भोवतीचा बर्फ आतून वितळतो आणि वर नुसते झाकण राहते. हे मला चांगले माहीत होते. पाय खाली लोंबकळत होता, बुटाला काहीच लागत नव्हते, आणि काढू गेले तर क्रॅम्पॉन कुठल्या तरी दगडाखाली अडकला. ओढायचे नाही, हे काकांनी आधीच ओरडून सांगितले: अडकलेला पाय जोराने ओढला की गुडघा आधी जातो. मी पुढे पालथी पडून वजन छातीवर घेतले आणि मैत्रिणीने आइस ॲक्सच्या रुंद पात्याने पायाच्या कडेचा बर्फ खणून काढला. दहा मिनिटे गेली. खड्ड्यातून ओल्या मातीचा वास येत होता. पहाटेपासून आम्हाला आलेला तो पहिलाच वास होता, आणि तशा अवस्थेतही मला तो आवडला.

ओढ्याने पहाटेचा आमचा पूल ठेवला नव्हता, म्हणजे होता, पण मध्ये खचून पाळण्यासारखा लोंबत होता, त्याच्या तळाशी निळसर रेघ उमटली होती आणि खालचे पाणी आता दार उघडून बोलत होते. आम्ही दोनशे मीटर वर चढून, ओढा उघडा आणि पसरट होता तिथे, सॅकचे पट्टे सोडून, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. पाणी इतके थंड होते की पहिले दहा सेकंद ते गरम वाटले.

त्यानंतर आला तो पहिला उतार, पहाटेच्या टाक्यांचा. मी ते टाके शोधत होते. एकही उरला नव्हता. वरचा बोटभर थर वितळून गेला होता आणि त्याच्याबरोबर आम्ही तिथून गेल्याची नोंदही गेली होती. आमचे आताचे खड्डे मात्र पाइप पुरण्यासाठी खणल्यासारखे ओळीने मागे येत होते. अर्ध्या उतारावर एक उंच कातळ होता आणि त्याच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, सावलीचा एक तुकडा, दोन सतरंज्या अंथरता येतील एवढा. काका आधी तिथे पोहोचले आणि त्यांनी काठीच्या टोकाने खाली खूण केली.

सावलीत माझे एक अख्खे पाऊल जसेच्या तसे होते. दहा भोके, त्यांच्या कडा अजून धारदार, एका भोकाशेजारी उडालेला बर्फाचा बारीक चुरा अजून तसाच पडलेला. मी हातमोजा काढून बोट लावले. कडक होते. एक हात पलीकडे, उन्हात, बर्फ बुटाच्या वजनाने पाझरत होता. आम्ही तिघे त्या तुकड्यावर दाटीवाटीने उभे राहिलो, उरलेले पाणी वाटून प्यायलो. मैत्रिणीने विचारले, "किती वाजले?" काकांनी घड्याळ पाहिले नाही. कातळाच्या सावलीची कड आमच्या बुटांपासून वीतभर लांब होती, तिकडे पाहत ते म्हणाले, "इथे अजून साडेचार."

मग त्यांनी सॅक चढवली, आणि पहिले पाऊल उन्हात टाकताच ते गुडघ्यापर्यंत आत गेले.